धारावीचा अनुभव: अहवालाची वाट पाहावी की आधी वेगळे करावे?

प्रश्न:
धारावीत १ एप्रिल २०२० रोजी कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसे, एकेका खोलीत सात-आठ जण आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालयाचाच आधार, अशी ती वस्ती आहे. तरीही जुलैपर्यंत तेथील नव्या रुग्णांची संख्या बरीच खाली आली. सर्वांची चाचणी करणे तर शक्यच नव्हते. मग संशयिताला अहवाल येण्यापूर्वीच वेगळे करणे योग्य होते का?

उत्तर १:
माझ्या मते योग्यच होते. लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून बाधित व्यक्ती संसर्ग पसरवू शकते; उलट संपर्कानंतर लगेच घेतलेल्या स्वॅबमध्ये विषाणू सापडेलच असे नाही. त्यामुळे निकट संपर्कातील माणसाचा पहिला अहवाल निगेटिव्ह आला म्हणून त्याला त्याच खोलीत परत पाठवणे धोक्याचे ठरते. महापालिकेने तापाचे दवाखाने उघडले, खासगी डॉक्टरांना सोबत घेतले, घरोघरी तपासणी केली आणि शाळा व क्रीडा संकुल ताब्यात घेऊन संस्थात्मक विलगीकरणाची सोय केली. घरात वेगळी खोलीच नसेल, तर गृह विलगीकरण कागदावरच राहते.

उत्तर २:
मी त्या वर्षी मुंबईतील एका विलगीकरण केंद्रात स्वयंसेवक होते. लोकांना स्वॅबपेक्षा अधिक भीती वाटे ती चौदा दिवसांची मजुरी बुडण्याची, आणि मागे राहिलेल्या मुलांना जेवण कोण देईल याची. ज्या घरी शिधा पोहोचला, तेथील माणसे आपणहून लक्षणे सांगू लागली. जेथे पोहोचला नाही, तेथे ताप लपवला गेला. चाचण्यांच्या संख्येबरोबर ही व्यवस्थाही मोजली जावी, असे मला मनापासून वाटते.

उत्तर ३:
वरील दोन्ही मुद्दे मान्य आहेत, मात्र सारे श्रेय विलगीकरणाला देऊ नये. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत झालेल्या रक्तचाचणी सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इतर भागांतील सुमारे १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातील खूण, आढळली. धारावी त्या प्रभागांत नव्हती, परंतु दाट वस्तीत संसर्ग नकळत किती पसरला होता, हे त्यातून दिसते. शिवाय अनेक परप्रांतीय कामगार गावी गेल्याने गर्दीही घटली होती.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा आभारी आहे. मग केंद्रातून माणसाला सोडायचे केव्हा? दुसरा अहवाल निगेटिव्ह येईपर्यंत थांबायचे का?

उत्तर १:
त्याची गरज नसते. स्वॅबच्या आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूचे निर्जीव अवशेष कित्येक आठवडे सापडू शकतात. म्हणूनच मे २०२० मधील केंद्र सरकारच्या सुधारित धोरणानुसार, सौम्य रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, सलग तीन दिवस ताप नसल्यास, पुन्हा चाचणी न करता घरी सोडता येऊ लागले आणि अडकलेल्या खाटा पुढच्या रुग्णासाठी मोकळ्या झाल्या.