व्हायरस काढल्यावर कॉम्प्युटर सुरूच होईना, सी ड्राइव्हवर टॅलीचा डेटा अडकलाय

पूर्वभाग_टॉवेल
नमस्कार मंडळी. घरचा असेंबल्ड डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय३, एच८१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह घरी लावला, तर त्यातल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. अँटिव्हायरसचा फुल स्कॅन लावला. तो रात्रभर चालला, तीनशेच्या वर फाइली काढल्या आणि सकाळी रीस्टार्ट मागितला. तेव्हापासून बोर्डाचा लोगो येतो, ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ येतं, मग काळा पडदा आणि परत लोगो. सेफ मोडही लागत नाही. दुरुस्तीवाले म्हणतात फॉरमॅटच मारावं लागेल, डेटाची हमी नाही. टॅलीचा दोन वर्षांचा हिशेब आणि घरचे फोटो सीवरच आहेत, बॅकअप नाही. जीएसटीचं रिटर्न तोंडावर आलंय. काही मार्ग आहे का?

जुळे_सोलापूर
अण्णा, फॉरमॅटला अजिबात हो म्हणू नका. लोगो येतोय म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बहुधा ठीक आहेत. बिघाड डिस्कवर आहे. विंडोज उठत नाही म्हणजे डेटा गेला असं नव्हे.

आधी रीस्टार्ट करत बसणं थांबवा. दर वेळी ऑटोमॅटिक रिपेअर डिस्कवर काहीतरी लिहितं.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टमची आयएसओ फाइल उतरवा आणि रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा. त्या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून तो शॉर्टकटवाला वापरू नका, त्यातल्या मूळ फाइली आत लपलेल्या असतात. कॉम्प्युटर लावताच बूट मेनूचं बटण दाबत राहा. बोर्डाच्या कंपनीप्रमाणे ते एफ८, एफ११ किंवा एफ१२ असतं. मिंट इन्स्टॉल करायचं नाही, पेनड्राइव्हवरूनच चालवायचं.

आत गेल्यावर कॉपी करण्याआधी ‘डिस्क्स’ उघडून हार्ड डिस्कचा स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. सेक्टर म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ (खराब म्हणून बदललेले) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचताना अडणारे) या दोन ओळींतले आकडे इथं टाका. कारण सांगतो. फुल स्कॅनमध्ये प्रत्येक फाइल वाचली जाते. वर्षानुवर्षं हात न लागलेले खराब सेक्टरही त्यात वाचायला जातात आणि आधीच दमलेली डिस्क तिथंच बसते. नाव मात्र व्हायरसचं होतं. रात्रभर चाललेला स्कॅन ऐकून मला तोच संशय येतोय.

होटगी_रोड
दोन्ही आकडे शून्य असतील तर डेटा बाहेर काढून मग दुरुस्तीकडे वळा. काळ्या पडद्यामागचं कारण अंदाजानं शोधायची गरज नाही, विंडोज ते लिहून ठेवतं. मिंटमधूनच विंडोज, सिस्टम३२, लॉगफाइल्स, एसआरटी या फोल्डरांत जा. तिथं एसआरटीट्रेल नावाची टेक्स्ट फाइल असेल, तिची शेवटची ओळ वाचा. ‘बूट क्रिटिकल फाइल’ म्हणून एखादा ड्रायव्हर करप्ट दाखवला असेल तर अँटिव्हायरसनं तो काढलाय किंवा अर्धवट साफ केलाय. फाइलींमध्ये शिरणाऱ्या व्हायरसात हे फार होतं. सॅलिटी किंवा विरुट असेल तर तो प्रोग्रामच्या फाइलीत स्वतःचा कोड घुसवतो. साफ करताना मूळ फाइल जशीच्या तशी परत येईलच असं नाही.

अशा वेळी विंडोज १० च्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बूट करून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मधून कमांड प्रॉम्प्ट घ्या. तिथं एसएफसी मारा, ती विंडोजच्या बिघडलेल्या फाइली शोधून दुरुस्त करते. कमांड इंग्रजीतच टाइप करायची, इथं उच्चाराप्रमाणे देतोय: एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज. पण आधी डिर सी: मारून विंडोजचा फोल्डर खरंच सीवर दिसतो का बघा. रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरं बदलतात, तुमचा सी तिथं डी झालेला असू शकतो. चुकीच्या अक्षरावर कमांड मारून ‘होत नाही’ म्हणणारे पुष्कळ.

बूट सेक्टर नव्यानं लिहिणारी बूटरेक /फिक्सएमबीआर ही कमांड सगळे सांगतात. ऑटोमॅटिक रिपेअरपर्यंत पोचताय म्हणजे बूट सेक्टर शाबूत आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

पूर्वभाग_टॉवेल
धन्यवाद सर. मिंट चालू झालं. रीअलोकेटेड ११२, पेंडिंग ४८. सी उघडतोय, पण फोटोंचं फोल्डर कॉपी करताना मधेच अडकतं. विंडोजची डिस्क तपासायची कमांड, चेकडिस्क, मारू का?

जुळे_सोलापूर
नाही! चेकडिस्क /आर सबंध डिस्क घासून काढतं. शिवाय न वाचता आलेल्या जागांबाबत स्वतःच निर्णय घेतं आणि फाइलींचे तुकडे करून ठेवतं. ४८ पेंडिंग म्हणजे ४८ सेक्टर आत्ता वाचता येत नाहीत. वरच्या एसएफसीचाही विषय संपला, आता ही डिस्क दुरुस्त करायची नाही, रिकामी करायची.

आधी फक्त टॅलीचा डेटा फोल्डर घ्या, तो लहान असतो. टॅलीप्राइममध्ये तो सहसा सी, युजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा इथं असतो आणि आत आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात. ते आकडे म्हणजे तुमच्या कंपन्या, नाव न बदलता अख्खे उचला. दुसऱ्या चांगल्या मशीनवर कंपनी उघडून बघा आणि मगच पुढं जा.

फोटोंसाठी एक एक फोल्डर ओढू नका. सिस्टमरेस्क्यू नावाच्या लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू आधीच असतं, ते अख्ख्या डिस्कची नक्कल एका मोठ्या फाइलीत काढतं. १ टीबीची बाहेरची डिस्क घ्या, एनटीएफएस फॉरमॅटची, कारण फॅट३२ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पहिल्या फेरीला -एन लावा, म्हणजे ते वाचता येणारं सगळं आधी काढतं आणि अवघड जागा शेवटाला ठेवतं. मॅपफाइलचं, म्हणजे कुठवर वाचून झालं त्याच्या नोंदीच्या फाइलीचं, नाव द्यायला विसरू नका. लाइट गेली तरी तिच्यामुळं थांबल्या जागेवरून पुढं जाता येतं. क्रम आधी जुनी डिस्क, मग नवीन डिस्कवरची नकलेची फाइल. उलटं झालं तर मूळ डेटाच पुसला जाईल, म्हणून एंटर मारण्याआधी डिस्कचा आकार दोनदा वाचा. कितीही तास लागले तरी मधे बंद करू नका, आणि उन्हाळ्यात केसची बाजू उघडून पंख्यासमोर ठेवा.

अक्कलकोट_रोड
डेटा निघाल्यावरचं सांगतो. २.५ इंची साटा एसएसडी घ्या, २४० जीबी पुरते. बोर्ड डीडीआर३ चा आहे, ४ जीबीची आणखी एक पट्टी लावा. विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क केबलसकट काढा. दोन्ही जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलर कधी कधी बूटच्या फाइली जुन्या डिस्कवर टाकतो आणि ती काढली की नवीनही उठत नाही. जुनी डिस्क तशीच कपाटात ठेवा.

परत आणायचे ते फक्त फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा. ईएक्सई आणि एससीआर (चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइली), शॉर्टकट आणि ऑटोरन नावाचं काहीही आणू नका. टॅली कंपनीच्या साइटवरून नव्यानं टाका.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि चौथ्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या यादीत नाही. त्यामुळं जास्तीच्या सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. पुढचा विचार तेव्हा करता येईल.

बँक, जीएसटी पोर्टल आणि जीमेलचे पासवर्ड आजच मोबाइलवरून बदला, डेटा निघायची वाट बघू नका.

आणि घरात माग चालत असेल तर केस जमिनीवर ठेवू नका. टॉवेलचा कापूस प्रोसेसरच्या हीटसिंकवर फेल्टसारखा बसतो. महिन्यातून एकदा पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा, पंखा मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं.