जर्मनी ब्लू कार्ड: पगार काठावर, पदनाम भलतंच. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकल इंजिनिअर, बी.ई. २०१६, सध्या चाकणला डिझाइनमध्ये. श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची ऑफर आली आहे: वर्षाला ४६,८०० युरो ग्रॉस, वर कामगिरीनुसार ३,००० पर्यंत बोनस.

ब्लू कार्डची (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) २०२५ ची सर्वसाधारण पगारमर्यादा ४८,३०० युरो. टंचाई असलेल्या पेशांना ४३,७५९.८०. इंजिनिअर त्यात येतात. म्हणजे इंजिनिअर धरलं तर आरामात बसतो, नाहीतर दीड हजाराने हुकतो. आणि ऑफर लेटरवर पदनाम काय, तर 'प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर'! काम सगळं डिझाइनचंच आहे. एचआरच्या बाई म्हणतात, बोनस धरून भागेल. मला पटत नाही.

अनाबिनवर (परदेशी पदव्यांची जर्मन यादी) विद्यापीठ एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, दिसतं, पण माझी पदवी नेमक्या नावाने सापडत नाही. झेडएबीचं, म्हणजे परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, स्टेटमेंट (फी २०८ युरो) आधीच मागवू, की व्हिसावाल्यांनी मागितल्यावर?

बायकोही सोबत येणार. तिला जर्मनचा ओ की ठो येत नाही. पण ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला ए१ ची (अगदी प्राथमिक जर्मनची) अट नाही, साध्या कुशल कामगार व्हिसावरही आता ती नसते.

इथला एक एजंट 'चान्सनकार्टेवर जा' म्हणतोय. हातात ऑफर असताना नोकरी शोधायचं कार्ड कशाला? त्यावर आठवड्याला वीसच तास काम, शिवाय महिन्याला १,०९१ युरोच्या हिशोबाने ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे अडकवायचे. (त्याची फी मात्र दणदणीत.)

पदनाम बदलून मागू का?

प्रतिसाद:
बोनस विसरा, हमी नसलेली रक्कम धरत नाहीत. पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम बघतात. नोकरीची माहिती देणारा जो फॉर्म कंपनी भरते, त्यात डिझाइनचं काम नीट तपशिलात लिहून घ्या. कमी मर्यादेच्या वाटेने गेलात तर तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते आणि ते हेच वाचतात. त्यापेक्षा एचआरला म्हणा, बोनसमधले दीड हजार मूळ पगारात टाका. बरोबर ४८,३०० होतात आणि ती संमतीही लागत नाही. फक्त मर्यादा दर जानेवारीत बदलते, अर्ज लांबवू नका. झेडएबी आधीच मागवा, तिथे वेळ जातो.

धागाकर्ता:
दीड हजाराचं डोक्यातच आलं नव्हतं! आजच मेल टाकतो. झेडएबीला सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट लागतात, की पदवी प्रमाणपत्र पुरतं?