व्हेनेझुएला २००७: विद्यार्थ्यांनी खरंच सार्वमत फिरवलं का?

प्रश्नांकित:
नमस्कार मंडळी, सध्या लॅटिन अमेरिकेवर थोडं वाचन चालू आहे आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. २ डिसेंबर २००७ ला व्हेनेझुएलात तेव्हाचा अध्यक्ष ह्यूगो चावेझ याच्या घटनाबदलावर सार्वमत झालं आणि तो हरला, बरोबर? १९९८ पासून हा माणूस एकही मोठी निवडणूक हरला नव्हता, तेलाचा भाव बॅरलला १०० डॉलरच्या आसपास होता, संसद जवळपास सगळी त्याचीच, आणि हरवलं कोणी तर म्हणे कॉलेजच्या पोरांनी. हे जरा जास्तच सिनेमासारखं वाटतं. रस्त्यावर मोर्चे काढून सार्वमत फिरतं का? आणि एवढं करून २००९ मध्ये त्याला कितीही वेळा उभं राहायची मोकळीक मिळालीच ना, मग उपयोग काय झाला? कुणी नीट सांगेल का, अगदी थोडक्यात नको, वेळ आहे माझ्याकडे.

जुनी वही:
वेळ आहे म्हणालात तर मग सुरुवातीपासून. पोरं घटनेसाठी रस्त्यावर आलीच नव्हती, आली टीव्हीसाठी. आरसीटीव्ही म्हणून १९५३ पासूनचं जुनं चॅनल, त्याचं लायसन्स सरकारने रिन्यू केलं नाही आणि २७ मे २००७ च्या मध्यरात्री ते बंद झालं. आता त्या चॅनलचं २००२ च्या बंडातलं (विरोधकांचा मोर्चा राजवाड्यावर गेला आणि चावेझला दोनेक दिवस खुर्ची सोडावी लागली ते) वागणं काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं हेही सांगायला हवं. पण पोरांना त्याचं फार पडलेलं नव्हतं, आज चॅनल गेलं उद्या काय, एवढाच हिशोब. तळहात पांढऱ्या रंगाने रंगवून पोलिसांसमोर वर करायचे, म्हणजे बघा हातात काही नाही. या चळवळीत ही खूण तिथूनच सुरू झाली.

मग ऑगस्टमध्ये चावेझने ३३ कलमं बदलायचा प्रस्ताव आणला, संसदेने त्यात आणखी ३६ घातली, झाली ६९. एकूण घटना ३५० कलमांची, म्हणजे पाचवा हिस्सा! विरोधकांनी २००५ च्या संसद निवडणुकीवर बहिष्कार टाकून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, त्यामुळे आत बोलणारं फारसं कुणी उरलंच नव्हतं. जे काही व्हायचं ते रस्त्यावरच होणार होतं.

प्रस्तावात गोड पण भरपूर होतं: सहा तासांचा कामाचा दिवस, मतदानाचं वय १८ वरून १६, फेरीवाले आणि असंघटित कामगारांना सामाजिक सुरक्षा. आणि त्याच पुडक्यात अध्यक्षाची मुदत ६ वरून ७ वर्षं, कितीही वेळा उभं राहायची मोकळीक, सेंट्रल बँकेची स्वायत्तता खलास, आणीबाणीत माहितीचा हक्क बंद करायची सोय. मतदान मात्र कलमागणिक नाही, दोनच गठ्ठे, अ आणि ब. सहा तासांचा दिवस हवा तर बाकीचंही गिळा.

मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते हे की १९९९ ची घटना चावेझने स्वतः आणलेली, तिची निळी छोटी पुस्तिका खिशातून काढून तो भाषणात दाखवायचा, तेव्हा विरोधकांनी तिला शिव्या घातल्या होत्या. आठ वर्षांनी तेच विरोधक तीच घटना वाचवायला निघालेले, आणि ज्याने लिहवून घेतली तो मोडायला!

तिरकस:
वरचा प्रतिसाद छान आहे पण पोरांना जरा जास्तच हार घातलेत. साधे आकडे बघा. डिसेंबर २००६ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत चावेझला ७३ लाख मतं, वर्षभराने त्याच्या 'हो'ला ४४ लाखांच्याही आत. विरोधकांच्या उमेदवाराला २००६ मध्ये ४३ लाखांच्या जवळपास आणि २००७ च्या 'नाही'ला ४५ लाख. म्हणजे विरोधकांची वाढ दोनेक लाख आणि चावेझची गळती २९ लाख. चावेझची माणसं विरोधात गेली नाहीत, ती घरी बसली. दुकानात दूध मिळत नव्हतं त्या दिवसांत, तेल शंभरीला आणि दूध नाही, मग रांगेत उभं राहून थकलेला माणूस ६९ कलमांसाठी परत रांगेत कशाला उभा राहील. त्यात चावेझने शेवटच्या सभेत 'नाही'चं मत म्हणजे बुशला मत असं करून टाकलं, गरीब वस्तीतल्या बाईला बुशचं काय घेणंदेणं?

आणि पुढे असलेली पोरं बरीचशी खासगी युनिव्हर्सिटीतली, सरकार त्यांना पैसेवाल्यांची पोरं म्हणायचं ते पूर्ण खोटं नव्हतं. चावेझच्या बाजूनेही विद्यार्थी होतेच की, त्यांचे मोर्चे कोण मोजतंय.

जुनी वही:
@तिरकस आकडे मान्य, एकदम मान्य. पण फरक किती होता ते पण लिहा ना, 'अ' गठ्ठ्यात 'नाही' ५०.७ टक्के, 'हो' ४९.३, म्हणजे सव्वा लाख मतं. इतक्या कमी फरकात तुमचे ते 'दोनेक लाख'च निकाल ठरवतात. आणि ते दोन लाख बाहेर पडले कसे हा खरा प्रश्न आहे. तोवर विरोधकांच्या मतदाराला मतदानावरच विश्वास नव्हता, मशिनमध्ये घोळ असतो, जाऊन उपयोग नाही, बहिष्कार टाका, हेच चाललेलं. ऐन नोव्हेंबरातसुद्धा काही पुढारी तेच म्हणत होते. पोरांनी हट्ट धरला की मत द्यायला जायचं म्हणजे जायचं. मोर्चे पण बघा ना कुठे नेले, निवडणूक आयोगावर, सुप्रीम कोर्टावर, अर्ज घेऊन! मागणी काय तर सार्वमत पुढे ढकला, लोकांना वाचायला वेळ द्या. राजवाड्यावर चाल करून गेले असते तर २००२ ची आठवण झाली असती सगळ्यांना.

पैसेवाल्यांच्या पोरांबद्दल, पोरांचा एक पुढारी योन गोईकोचेआ कॅथलिक युनिव्हर्सिटीचा हे खरं, पण दुसरा पुढारी स्तालिन गोन्सालेस राजधानी काराकासच्या सेंट्रल युनिव्हर्सिटीचा, ती सरकारी. (हो, नाव खरंच स्तालिन आहे. डाव्या सरकारविरुद्ध मोर्चा काढणारा स्तालिन, आता काय बोलणार.) ७ नोव्हेंबरला कोर्टावरचा मोर्चा परतल्यावर त्याच सेंट्रल युनिव्हर्सिटीच्या आवारात गोळीबार झाला, पोरं जखमी झाली, दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या.

शिवाय बादुएल विसरलात. २००२ च्या बंडात चावेझला परत खुर्चीवर आणणारा जनरल, जुलै २००७ पर्यंत संरक्षणमंत्री, त्याने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हा घटनाबदल म्हणजे सत्तापालटच आहे असं जाहीर सांगितलं. घरी बसलेल्या २९ लाखांपैकी बऱ्याच जणांना घरी बसायची परवानगी त्याने दिली असं मी म्हणेन, पोरांनी नाही.

प्रश्नांकित:
बापरे, मजा आली वाचायला. पण माझा दुसरा प्रश्न राहिला, मग २००९ मध्ये काय झालं? हरलेली गोष्ट परत मतदानाला आणता येते?

कलमबहाद्दर:
इथे मी येतो. त्यांच्या घटनेत बदलाचे तीन रस्ते आहेत: छोटी दुरुस्ती, मोठी सुधारणा, आणि घटना परिषद बोलावून नवी घटना. २००७ ची होती 'सुधारणा'. कलम ३४५ म्हणतं की नाकारलेली सुधारणा त्याच कार्यकाळात पुन्हा संसदेत आणता येणार नाही. झालं, दार बंद. मग २००९ मध्ये ते 'दुरुस्ती'च्या दाराने आले, फक्त मुदतीच्या मर्यादेचा मुद्दा घेऊन, आणि या वेळी हुशारी अशी की अध्यक्षासोबत गव्हर्नर, महापौर सगळ्यांचीच मर्यादा काढायची. म्हणजे जे स्थानिक पुढारी २००७ मध्ये हात बांधून बसले होते त्यांना आता स्वतःचा फायदा दिसला आणि ते माणसं बाहेर काढायला लागले. १५ फेब्रुवारी २००९, साधारण ५५ टक्क्यांनी पास. कोर्टाने म्हटलं चालतंय, दुरुस्ती वेगळी सुधारणा वेगळी.

उपयोग काय झाला विचारताय, तर ६९ पैकी उरला हा एकच मुद्दा मतदानाने आला. बाकीचं बरंचसं नंतर साध्या कायद्यांनी आणलं गेलं हे मात्र खरं, त्यामुळे पोरं जिंकली की हरली यावर तुम्ही दोघं अजून भांडू शकता.

तिरकस:
भांडत नाही, थकलो. फक्त एक, निकाल मध्यरात्र उलटल्यावर लागला आणि चावेझने हार मान्य केली, म्हणाला 'सध्यापुरतं' जमलं नाही. १९९२ चं त्याचं स्वतःचं लष्करी बंड फसल्यावर टीव्हीवर त्याने हाच शब्द वापरला होता. ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं असणार की हा परत येणार.

जुनी वही:
आणि २०१७ मध्ये चावेझनंतरचा अध्यक्ष मादुरो याने घटना परिषद बोलावली तेव्हा बोलवायची का हे लोकांना विचारलंच नाही. १९९९ मध्ये चावेझने निदान सार्वमत घेतलं होतं. तोपर्यंत गोईकोचेआ एकदा तुरुंगात जाऊन बसलेला, बादुएल पण तुरुंगातच, तो २०२१ मध्ये तिथेच वारला. स्तालिन मात्र खासदार झाला.