अनुभव धागा : मोठी स्पर्धा आणि कोवळं वय, सातारा-सांगलीकडून

आपल्याकडची पोरं मोठ्या स्पर्धेत ताकदीत क्वचितच कमी पडतात. गडबड होते ती वजनकाट्यावर, शेवटच्या बाणाला, वॉर्मअपच्या हिशोबात. तिथं नेमकं काय करायचं आणि काय टाळायचं ते लिहा. कहाणी नको, कृती हवी.

कुस्ती, कराडकडून

आधी वजनाचं. आंतरराष्ट्रीय कुस्तीत २०१८ पासून एका गटाच्या लढती दोन दिवस चालतात आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट ५० किलोच्या गटात १०० ग्रॅमनं बाद झाली ती त्याच सकाळी. त्यामुळे वजन दिलं की रात्री दाबून खायचं, हे जुनं गणित आता चालत नाही. सतरा वर्षांखालच्या पोराचं वजन प्लास्टिकचा सूट घालून, पाणी तोडून उतरवूच नका. वाढतं अंग आहे, त्याला वरच्या गटात खेळवा. रोज सकाळी शौचानंतर, उपाशीपोटी वजन घेऊन वहीत लिहा. सरावात किलोभर घटलं तर ते पाणी असतं. सव्वा ते दीड लिटर थोडं थोडं करून परत द्या.

दुसरं, माती आणि गादी. मातीत पाय रुततो, पकड धरून समोरच्याला दमवता येतं. गादीवर मोठ्यांच्या गटात तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मधे ३० सेकंद, एवढाच वेळ. मातीत घडलेले आपले गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ आणलं. तालमीतले जोर-बैठका सोडायच्या नाहीत, पण आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून लढत द्या. शेवटचे ३० सेकंद, एका गुणानं मागं, अशी स्थिती मुद्दाम मांडून खेळवा.

धनुर्विद्या, सातारा

कंपाउंडमध्ये (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) ५० मीटरवर ८० सेंटिमीटरचं लक्ष्य, त्यात दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. सामन्यात १५ बाण. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली ती १४९-१४७ नं; १५ बाणांत फक्त एक गुण गेला.

दडपणात होतं असं : साइटचा (नेम धरायच्या भिंगाचा) ठिपका लक्ष्याच्या मधल्या पिवळ्याच्या जरा खाली येऊन अडकतो, वर सरकतच नाही. नाहीतर ठिपका पिवळ्याला टेकला रे टेकला की बोट ट्रिगरवर आपटतं. डोळा आणि बोट एकमेकांना जखडलेले असतात. अशा वेळी जास्त बाण मारून काही होत नाही, उलट खोड पक्की होते. कागद न लावता कोऱ्या बटवर (बाण रुततो त्या गठ्ठ्यावर), तीन ते पाच मीटरवरून, डोळे मिटून मारायचं. ओढा, अँकर घ्या (हात जबड्याशी ठरल्या जागी टेकवा), पाठ आवळत राहा, रिलीज (दोरी सोडायचा ट्रिगर) आपोआप सुटू दे. रोज ३०-४० बाण, दोन-तीन आठवडे. मग १० मीटरवर मोठा कागद. तिथं दर दुसऱ्या वेळी ठिपका पिवळ्यात पाच सेकंद धरायचा आणि बाण न सोडता धनुष्य उतरवायचं. हे उतरवणं मुलांना जिवावर येतं, म्हणूनच ते शिकवायला हवं. आलटून-पालटून मारताना एका बाणाला २० सेकंद मिळतात; दहाव्या सेकंदाच्या आत उतरवलं तरच पुन्हा ओढायला वेळ उरतो.

आणि पालकहो, धनुष्याचे पाउंड वाढवायची घाई नको. ओढताना पोरगी हात आभाळाकडं नेत असेल तर ओढ जड आहे. दोन-चार पाउंड कमी करा, नाहीतर खांदा जातो.

वेटलिफ्टिंग, सांगली

संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये ५५ किलो गटात स्नॅचला (एका दमात डोक्यावर) ११३ आणि क्लीन-जर्कला (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५ असे २४८ किलो उचलले. जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं, सुवर्ण गेलं २४९ वर. एका किलोची किंमत ही अशी. पहिला प्रयत्न सरावात सलग दोनदा सहज जाणारा ठेवा. वॉर्मअप घड्याळावर नको, समोरच्यांच्या प्रयत्नांवर मोजा : साधारण दर तीन प्रयत्नांना आपली एक उचल, आणि शेवटची उचल आपली पाळी तीन प्रयत्नांवर असताना. मधेच वजनं बदलून पाळी लांबली तर बसून राहू नका. दर तीन मिनिटांनी ७०-८० टक्क्यांची एक उचल. हाक आली की एक मिनिट, लागोपाठ आपलीच पाळी असेल तर दोन.

धावणं, माण

मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या (३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत) अंतिम फेरीत दहावी आली. यातला अडथळा पडत नाही, आपणच पडतो. २८ अडथळे, सात पाणउड्या. दमलेल्या पायांनीच त्यांचा सराव करा, आणि ओल्या बुटांनी. यवतेश्वरचा घाट चढून छाती तयार होते, पण मांड्या फोडतो तो उतार. स्पर्धेआधी दहा दिवस उतारावर जोरात धावणं बंद.

क्रीडाशिक्षिका, वाळवा तालुका

मुलीची पाळी सलग तीन महिने चुकली तर ‘सराव चांगला चाललाय’ म्हणून खूश होऊ नका. खाणं सरावाला पुरत नाहीये. सराव कमी करा, भाकरी वाढवा, डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासा. आदल्या रात्री झोप उडणारच, म्हणून त्याआधीच्या दोन रात्री लवकर झोपवा. आदल्या संध्याकाळनंतर मोबाईल शिक्षकांकडं. गावाकडच्या सगळ्यांचे ‘मेडल आणणार ना?’ असे फोन नकोत. घरून एकच फोन, आईचा, आणि तोही जेवलीस का एवढं विचारायला.