मदत हवी आहे : नहपानाचा काळ नक्की कोणता धरायचा?

सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप (पश्चिम भारतातले शक राज्यकर्ते) यांची कालरेषा तयार करतोय आणि क्षहरात राजा नहपानापाशी गाडी अडली आहे.

जुन्नरच्या लेखात त्याचे ४६ वे वर्ष येते. नाशिकच्या पांडवलेण्यात जावई उषवदाताच्या लेखांत ४१, ४२, ४५. हा शक संवत धरला तर ४६ म्हणजे इ.स. १२४, आणि लगेच पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा त्याच्यावरचा विजय. हिशोब छान बसतो. पण 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात भडोचच्या संदर्भात येणारा राजा नहपानच असेल, तर तो पहिल्या शतकाच्या मध्यावर जातो. मग ही वर्षे त्याच्या स्वतःच्या राजवटीची मानावी लागतात.

नाशिकजवळच्या जोगळटेंभीला सापडलेली नाणी कृपया सुचवू नका. नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्राने आपला ठसा मारलाय, त्यामुळे कोणी कोणाला हरवले हे कळते. कधी, ते कळत नाही. गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेखही पाहिला. गौतमीपुत्राने 'खखरातवंस' (क्षहरात वंश) निर्वंश केल्याचे त्यात दणक्यात सांगितलेय, पण वर्ष आहे ते त्याचा मुलगा पुळुमावी याच्या राजवटीचे १९ वे.

खरा खोडा अंधौचा आहे. कच्छमधल्या तिथल्या एका लेखात दुसऱ्या क्षत्रप घराण्यातल्या चष्टनाचे ११ वे वर्ष मिळते. ते शक धरले तर इ.स. ८९. म्हणजे नहपान आणि चष्टन बराच काळ शेजारी शेजारी राज्य करत होते?

प्राकृत येत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी वाचन चालेल. कालरेषेत एकच तारीख टाकायची आहे. अंधौचा लेख जमेस धरूनही इ.स. १२४ टिकते का, आणि कोणत्या पुराव्यावर?