न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडावेत का?

चौकस:
सर्वोच्च न्यायालयात कोण बसणार हे कॉलेजियम ठरवतं, म्हणजे सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश. ही व्यवस्था राज्यघटनेत लिहिलेली नाही, 1993 च्या निकालातून आली. 2014 मध्ये संसदेने घटनादुरुस्ती करून नियुक्ती आयोग आणला. 2015 मध्ये याच न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मतांनी तो रद्द केला. अधिकार कोणाचा हा वाद, आणि निवाडा करणारे त्या वादातलेच एक पक्षकार! मला हे अजिबात पटत नाही.

रानवाट:
1973 विसरून कसं चालेल? 24 एप्रिलला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. तेरा न्यायाधीश, 7 विरुद्ध 6: संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिचा मूलभूत ढाचा मोडता येणार नाही. सरकारविरुद्ध गेलेले शेलत, हेगडे आणि ग्रोवर ज्येष्ठ होते. त्याच आठवड्यात तिघांना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. तिघांनीही राजीनामे दिले.

पुढे आणीबाणी. 1976 च्या एडीएम जबलपूर खटल्यात चार न्यायाधीश म्हणाले की स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकटे एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. जानेवारी 1977 मध्ये त्यांनाही डावललं. सरकारच्या हाती किल्ली दिली की काय होतं, ते या देशाने भोगलंय.

चौकस:
पण खन्नांना न्यायाधीश केलं कोणी? तेव्हा कॉलेजियम नव्हतंच. केशवानंद खटल्याचे तेराही न्यायाधीश जुन्याच, सरकारच्या हाती निवड असलेल्या पद्धतीने आले होते. कणा माणसाचा असतो, नेमणुकीच्या पद्धतीचा नाही.

रानवाट:
म्हणून काय प्रत्येक वेळी खन्नाच मिळतील या भरवशावर राहायचं? आयोगात सहा जण होते, त्यांत कायदामंत्री आणि दोन ‘मान्यवर’. कोणत्याही दोघांनी नकार दिला की नाव बाद. मान्यवर होण्यासाठी कायद्याचं ज्ञान हवं, अशी अटसुद्धा नव्हती. सरकार हा न्यायालयातला सर्वांत मोठा पक्षकार. त्याला हा नकाराधिकार नकोच.

साधना_क:
दोघांनाही विचारते, आज अडतंय कुठे? कॉलेजियमने शिफारस केली की सरकार ती परत पाठवू शकतं. तेच नाव पुन्हा पाठवलं तर नेमणूक बंधनकारक. पण किती दिवसांत, याला कायद्यात पक्की मुदत नाही. फाइल दाबून ठेवली की नकार न देताही नकार मिळतो.

चौकस:
मुदत घाला, माझी हरकत नाही. पण बंद दाराचं काय? 2015 मध्ये विरोधी मत देणाऱ्या न्या. चेलमेश्वर यांचा मुख्य आक्षेप याच गुप्ततेवर होता. मला मारून मुटकून आयोगच हवा असं नाही. एखादं नाव का निवडलं आणि दुसरं का वगळलं, हे लेखी, कारणांसह लोकांसमोर ठेवा.

रानवाट:
निवडल्याची कारणं जरूर द्या. वगळल्याची नकोत. ज्याचं नाव मागे पडलं तो वकील किंवा उच्च न्यायालयाचा न्यायाधीश दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर उभा राहणार असतो. त्याच्याविषयीचे शेरे समोरच्या पक्षकाराच्या हातात कशासाठी द्यायचे?