मॉक ड्रिल दरवर्षी 'यशस्वी' होते, तरी माणसं तयार नाहीत. प्रशिक्षण कसं आखावं?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. मी रुग्णवाहिका सेवेत आहे आणि आता प्रशिक्षणाचं कामही माझ्या गळ्यात पडलंय. गट मिश्र आहे: चालक, वैद्यकीय तंत्रज्ञ, नियंत्रण कक्षात फोन घेणारे, शिवाय अग्निशमन दलाचे काही जण. वर्षातून एकदा मोठी मॉक ड्रिल होते. तारीख कधीचीच ठरलेली, जखमी कुठे पडणार तेही ठरलेलं, पाहुण्यांना खुर्च्या, शेवटी टाळ्या. अहवालात 'प्रतिसाद समाधानकारक'.

मध्यंतरी बसचा मोठा अपघात झाला. पहिली गाडी वेळेत पोचली, पण उतरलेले दोघंही जो सगळ्यात जोरात ओरडत होता त्याच्यावर वाकले. जखमी किती, रस्ता कुठून मोकळा, हे नियंत्रण कक्षाला बराच वेळ कळलंच नाही. मागून आलेल्या गाड्या एकमेकींच्या वाटेत उभ्या. सामान कमी नव्हतं, माणसंही कमी नव्हती.

मला काही अर्ध्या दिवसांच्या बैठका मिळणार आहेत, वेगळा निधी नाही. व्याख्यानं भरपूर झालीत, स्लाइड नकोत. सुरुवात कुठून करू?

स्ट्रेचर:
ट्रायज, म्हणजे कोणत्या जखमीकडे आधी बघायचं ती वर्गवारी, पक्कं करून घ्या आधी. 'स्टार्ट' पद्धत 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला तयार झाली आणि अजून शिकवायला सगळ्यात सोपी आहे. प्रत्येकाला एक रंग द्यायचा: लाल म्हणजे लगेच उपचार, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नाही. चालू शकणाऱ्यांना हाक मारून बाजूला काढा, ते हिरवे. उरलेल्यांत श्वास बघा. नसेल तर श्वासमार्ग मोकळा करा. तरीही नाही तर काळा, सुरू झाला तर लाल. श्वास मिनिटाला 30 च्या वर, लाल. मनगटाला नाडी नाही, लाल. साधी सूचना पाळता येत नाही, लाल. बाकीचे पिवळे. एका माणसापाशी मिनिटभराच्या आत निर्णय. मुलांना मात्र हे आकडे लावू नका, त्यांच्यासाठी 'जंपस्टार्ट' वेगळं आहे.

शिट्टीवाला:
स्ट्रेचरभाऊंचं बरोबर आहे, पण ट्रायज ही दुसरी पायरी. रात्रपाळी, तुम्ही जे वर्णन केलंय त्यात ट्रायजच्या आधीच घोळ झालाय. मी बरीच वर्षं शोध-बचाव पथकांना शिकवतोय, आणि माझं ठाम मत आहे की पहिल्या गाडीतून उतरणाऱ्यांचं प्रशिक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळंच असावं. त्या दोघांपैकी एकाने जखमीला हात लावायचा नाही. अजिबात नाही.

हे ऐकून लोक चिडतात. तंत्रज्ञाला आयुष्यभर शिकवलेलं असतं की समोर रक्त दिसलं की धावायचं, आणि रोजच्या कामात ते योग्यच आहे. पण चाळीस जखमी आणि दोन हात असतील तेव्हा त्या दोन हातांनी वॉकी-टॉकी धरायचा. त्याने काय सांगायचं तेही ठरलेलं हवं: ही मोठी घटना आहे की नाही, नेमकी जागा, घटनेचा प्रकार, धोके (वायू, वीज, गळणारं इंधन, कलणारी भिंत), आत यायचा-जायचा रस्ता, जखमींचा अंदाज, आणि आणखी कोण-कोण हवं. सात गोष्टी. ब्रिटनमध्ये याच क्रमाला, इंग्रजी आद्याक्षरांवरून, 'मीथेन' म्हणतात. जखमींची मोजणी अचूक नसली तरी चालते. 'तीस ते पन्नास' एवढ्यावर नियंत्रण कक्ष कामाला लागू शकतो.

हे शिकवायला मैदान लागत नाही. अपघाताचा एक फोटो भिंतीवर लावायचा, वीस सेकंद दाखवायचा, काढून घ्यायचा, आणि समोरच्याने वॉकी-टॉकीवर सात गोष्टी सांगायच्या. फोन घेणारा शेजारच्या खोलीत बसवा. त्याने कागदावर काय लिहिलं ते सगळ्यांसमोर वाचा. पहिल्या फेरीत गंमत बघा, धोके जवळपास सगळेच विसरतात.

दुसरी बैठक टेबलावर. मोठ्या कागदावर रस्ते काढा, गाड्यांसाठी काड्यापेट्या चालतील. प्रत्येकाला भूमिका द्या, पण रोजची नाही: चालकाला घटनाप्रमुख करा, प्रमुखाला स्ट्रेचर उचलायला लावा. तुमच्या हातात चिठ्ठ्या. दर काही मिनिटांनी एक टाकायची: 'वॉकी-टॉकी बंद पडला', 'वरिष्ठ आले, ताबा मागतायत', 'वाऱ्याची दिशा बदलली'. ताबा देण्याची चिठ्ठी हमखास टाका. जुना प्रमुख नव्याला तोंडी माहिती देतो का, आणि ताबा बदलल्याचं वॉकी-टॉकीवर जाहीर करतो का, एवढंच बघा. बहुतेक वेळा दोघंही प्रमुख म्हणून हुकूम सोडत राहतात.

तुमचं 'सामान कमी नव्हतं' हे वाक्य ओळखीचं वाटलं. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात प्रचंड वणवे लागले, त्यानंतरच्या चौकशांतही हेच पुढे आलं: अनेक यंत्रणा, प्रत्येकीची भाषा वेगळी, कोण कुणाचं ऐकणार ते अस्पष्ट. घटनास्थळी कोण कुणाच्या हाताखाली हे ठरवणारी, आज जगभर वापरली जाणारी 'इन्सिडंट कमांड' पद्धत त्यातून उभी राहिली. तिचा एक नियम पहिल्या दिवसापासून पाळायला लावा: एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात, शक्यतो पाच. आठवा आला की गट फोडा.

आता माझ्या टोपणनावाचा विषय. आंतरराष्ट्रीय बचाव पथकांचे शिट्टीचे संकेत ठरलेले आहेत: एक लांब म्हणजे काम थांबवा, शांतता; तीन छोट्या म्हणजे बाहेर पडा; एक लांब आणि एक छोटी म्हणजे पुन्हा सुरू. मी प्रत्येक सरावात मध्येच, काही न सांगता, तीन छोट्या शिट्ट्या मारतो. हातातला 'जखमी' सोडून बाहेर पडणं किती जड जातं ते तेव्हा कळतं. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंबद्दल कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या 'नायोश' संस्थेने 1986 मध्ये सांगितलं होतं की मरणाऱ्यांत 60 टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. टाकीत, विहिरीत एक बेशुद्ध पडतो आणि मागून दोघं उतरतात. त्यामुळे 'आत जाऊ नकोस' हा हुकूमही सरावात द्यायचा असतो.

हेडसेट:
नियंत्रण कक्षातून लिहितेय. आम्हाला सरावात फक्त पहिला फोन घ्यायला बोलावतात, मग आमचं काम संपलं! प्रत्यक्षात खरी कसरत नंतर सुरू होते. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हे विषारी रसायन सोडलं गेलं तेव्हा कितीतरी बाधित स्वतःच चालत किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालयात पोचले. त्यांचे कपडे उतरवून, अंग धुऊन घेण्याआधीच ते आत आले, आणि डॉक्टर-परिचारिकांनाही त्रास झाला. म्हणून सरावात रुग्णालयाला पहिली सूचना किती वाजता गेली ते घड्याळ लावून बघा. आणि एका जवळच्या रुग्णालयात सगळे जखमी गेले तर तो सराव फसला असं धरा.

रात्रपाळी:
फोटोची कल्पना लगेच करता येईल. दोन शंका. न सांगता सराव घेतला आणि त्याच वेळी खरा फोन आला तर? आणि शिट्टीवालादादा, सराव फसला तर वरिष्ठांना अहवालात काय लिहू?

शिट्टीवाला:
पहिली शंका रास्त. सरावातल्या प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला आणि शेवटी 'सराव, सराव' म्हणायचं. खरी घटना आली तर आधी ठरवलेला एक शब्द उच्चारला की सराव तिथल्या तिथे बंद. सेवेतल्या गाड्या सरावात घेऊच नका, सुट्टीच्या पाळीतले लोक घ्या. वेळ अचानक असू दे, पण नियंत्रण कक्षाच्या पाळीप्रमुखाला ती माहीत हवी.

अहवालाचं म्हणाल तर वार्षिक कार्यक्रम आहे तसा राहू द्या, त्याच्याशी भांडू नका. या छोट्या बैठकांना 'सराव' म्हणा, 'ड्रिल' म्हणू नका, म्हणजे पाहुणे येत नाहीत. संपल्या-संपल्या, पाणी पिण्याआधी, सगळ्यांना गोल उभं करून विचारा: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं. सगळ्यात नवा माणूस आधी बोलेल, प्रमुख शेवटी. उलट केलंत तर नवा माणूस प्रमुखाचीच री ओढतो. अहवालात 'यशस्वी' किंवा 'अयशस्वी' लिहायचंच नाही. आढळलेली अडचण, ती कोण सोडवणार, कोणत्या तारखेपर्यंत, या तीन ओळी. वरिष्ठांना तारीख असलेला कागद आवडतो.

आणि बैठका एकाच आठवड्यात संपवू नका. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचं कौशल्यसुद्धा काही महिन्यांत ढासळतं, मग वॉकी-टॉकीवरच्या सात गोष्टी किती टिकणार? पाळी बदलताना दहा मिनिटांत एक फोटो, एवढं वर्षभर चालू ठेवलंत तरी पुष्कळ.

स्ट्रेचर:
खोट्या जखमींच्या खिशात कार्ड ठेवा: श्वास किती, नाडी आहे का, सूचना पाळतो का. आणि त्यांतल्या दोघांना मुद्दाम गप्प पडून राहायला सांगा. ओरडणाऱ्यांकडे सगळे जातातच.